बंपरवरचे दोन ठोके

ठारूमल उस्तादाच्या गॅरेजात एक रीत होती. इंजिन उघडायचं, धुवायचं, पुसायचं, ते धूड साखळीला टांगून खाली-वर करायचं, ही सगळी हमाली शागीर्दानं करायची. पण काम मर्मापाशी आलं, टायमिंग बांधायची, म्हणजे ठिणगीचा नेमका क्षण जुळवायची, किंवा पंप बसवायची वेळ झाली, की उस्ताद बोनेटमधून डोकं बाहेर न काढताच म्हणायचा, "कोंडा, चाय ले आ." मग कोंडाजीनं खिळ्यावरची किटली काढायची, रस्ता ओलांडून भगवंताच्या हॉटेलात जायचं आणि तिथंच उभं राहायचं. मर्माचं काम उरकलं की उस्ताद पान्यानं बंपरवर दोन ठोके मारी. ते ऐकू आले की चहा घेऊन परत. त्याआधी परत आलेला शागीर्द उस्तादाला चोरासारखा वाटायचा, आणि त्याला तो चोरासारखंच वागवायचा.

ही रीत काही ठारूमलनं काढली नव्हती. त्याचा उस्ताद त्याला तिकडे सक्करमध्ये हुक्क्याचा निखारा आणायला पाठवी. पण ठारूमलला ती जास्त घट्ट धरावी लागली. फाळणीत घर गेलं, सिंधू नदीकाठचं दोन दारांचं गॅरेज गेलं, आणि कल्याणच्या छावणीत मिलिटरीच्या रिकाम्या बराकीत येऊन पडला तेव्हा त्याच्यापाशी बायको होती, पान्यांची एक पेटी होती आणि डोक्यात होतं तेवढं होतं. पुढे छावणीचं उल्हासनगर झालं, बराकीसमोर पत्र्याचं छप्पर पडलं, बदलापूर रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. डोक्यातलं वाटून टाकलं तर आपल्यापाशी उरलं काय, अशी त्याला धास्ती होती. ती खोटी होती असं कोण म्हणेल?

कोंडाजी जांभूळचा. घरची जमीन एका भावाचं पोट भरेल इतकीच, तेव्हा ती थोरल्याला सोडून हा गवताची बैलगाडी हाकायचा. एकदा कॅम्पात गवत टाकायला आला आणि तिथं मरून पडलेला ट्रक ठारूमलनं दोन घटकांत उठवून बसवलेला त्यानं पाहिला. तेव्हापासून बैलांच्या शेपट्या पिळण्यात त्याचा जीव रमेना. चोवीस वर्षांचा, मिशा फुटलेला, लग्न झालेला बाप्या शागीर्द म्हणून उभा राहिला तेव्हा ड्रायव्हर लोक हसले. "म्हातारपणी बाळसं आलंय," म्हणाले. कोंडाजीनं ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

चार वर्षांत त्यानं इतका चहा वाहिला की भगवंताच्या हॉटेलासमोरचा रस्ता त्याच्या चपलेनं झिजला असेल. बाकी पुष्कळ शिकला. नुसत्या हाताच्या वजनावरून नट किती आवळायचा हे त्याला कळायचं. पण टायमिंग त्याला येत नव्हतं, आणि टायमिंग येत नाही तोवर मिस्त्री नाही. मिस्त्री व्हायला कागद लागत नसे, उस्तादाचं तोंड लागे. चेटीचंडच्या दिवशी, म्हणजे सिंध्यांच्या नव्या वर्षाला, उस्तादाची बायको गोड केशरी भात करायची, रस्त्यावरचे ड्रायव्हर जेवायला यायचे, आणि शागीर्द तयार झाला असेल तर उस्ताद सगळ्यांसमोर त्याच्या डोक्याला रुमाल बांधून एक पाना हातात द्यायचा. बस्स. त्या दिवसापासून कल्याण ते कर्जत कुठलाही ड्रायव्हर त्याला बोनेट उघडू देई. आणि उस्तादानं तोंड फिरवलं, तर तोच माणूस बोनेटला हात लावायला गेला की त्याचा हात झटकला जाई.

हे कोंडाजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्याआधीचा शागीर्द रघु. कुळगावचा, हाताचा हुशार. तो रविवारी कल्याणला दुसऱ्या एका मिस्त्रीकडे जाऊन बसतो, हे उस्तादाला कळलं. उस्ताद ओरडला नाही. त्यानं रघुचे कपडे रस्त्यावर ठेवले आणि महिनाभर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला एकच वाक्य सांगितलं: याला दोन बाप आहेत. रघु आता बदलापूरला वीटभट्टीवर होता. दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. पण हा नुसता उपाशी राहिला नाही, नावानिशी पुसला गेला.

असं सगळं मुकाट चाललं होतं, तोवर डिझेल आलं.

तोपर्यंतच्या गाड्या पेट्रोलच्या. मिलिटरीच्या लिलावातल्या, लढाई करून दमलेल्या. त्यांच्यावर ठारूमलची हुकमत. त्याचा उजवा अंगठा तर सगळ्या रस्त्यावर नावाजलेला. प्लग काढून त्या भोकावर तो अंगठा दाबून धरी, गाडी फिरवायला लावी, आणि अंगठा कसा उडतो त्यावरून कुठला सिलिंडर मेलाय ते सांगे. पेट्रोलचा पंप आजारी असला तर पाइपाच्या तोंडावर अंगठा. "माझं मीटर," असं तो त्या अंगठ्याला म्हणायचा आणि ड्रायव्हरांच्या नाकासमोर नाचवायचा. मग बदलापूरकडच्या दगडखाणींच्या मालकांनी जुन्या गाड्यांत डिझेलची इंजिनं बसवून घ्यायला सुरुवात केली. खर्च निम्मा, ओढ दुप्पट. एकेक करत सगळी खडी डिझेलवर चालू लागली, आणि उस्तादाचं मीटर चुकायला लागलं.

डिझेलला प्लगच नाही. ठिणगी नाही. पंप तेलाला इतक्या जोरानं रेटतो की नोझलच्या सुईसारख्या भोकांतून त्याची वाफ होऊन बाहेर पडते आणि सिलिंडरात दाबून तापलेल्या हवेत आपोआप पेटते. हे ठारूमलला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पन्नाशीला आलेला उस्ताद कुणाला विचारणार? तो अंदाजानं करी. कधी जमे, कधी गाडी तिसऱ्या दिवशी परत येई. ड्रायव्हर तोंडावर काही बोलत नसत, पण चहाच्या हॉटेलात बोलत, आणि किटली घेऊन उभा राहिलेला कोंडाजी ऐके. उस्तादाला येत नाही हे त्याला उस्तादाच्या आधी कळलं.

कोंडाजीची बायको विठा अंबरनाथला रतीब घालायची. तिथं कारखान्याच्या चाळीत कमळाकर नावाचा फिटर राहत होता, त्याच्याकडे दूध जाई. कमळाकर कारखान्यातलं वीज करायचं इंजिन सांभाळायचा, आणि ते डिझेलवर चाले. विठानं ते सहज घरी सांगितलं. त्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी कोंडाजी दुधाची किटली स्वतःच घेऊन गेला आणि कमळाकरच्या ओट्यावर तासभर बसला. पुढच्या रविवारी पुन्हा. कमळाकर निराळाच माणूस. त्याला शिकवायची हौस होती, लपवायची कला नव्हती. तो जमिनीवर खडूनं पंप काढायचा, जुनी नोझल हातात द्यायचा, पुसून टाकायचा, पुन्हा काढायला लावायचा. त्याची बायको सुनेत्रा म्हणायची की दूधवाल्याला चहा द्यायचा की फळा.

तिथं कोंडाजी नोझल तपासायला शिकला. नोझल बाहेर काढून पाइपाला जोडायची, गाडीला सेल्फ मारायचा आणि फवारा हवेत सोडायचा. समोर दीड हातावर कोरा कागद धरायचा. कागदावर भोकांइतके डाग पडतात. ते डाग वाचता आले पाहिजेत. सारखे असले तर नोझल चांगली, एक फिका असला तर भोक बुजलंय, खाली ओघळ असला तर सुई नीट बसत नाही.

"आणि एक लक्षात ठेव," कमळाकर म्हणाला होता. "हात कधी मध्ये आणायचा नाही. दिसायला धुकं दिसतं, पण ते कातडीतून आत जातं. सुई टोचल्याइतकंच वाटतं आणि आतला हात कुजतो. आमच्याकडे एकाची दोन बोटं गेलीत."

कोंडाजी त्या दिवशी अंबरनाथहून जांभूळपर्यंत चालत आला आणि वाटभर त्याच्या डोळ्यांसमोर उस्तादाचा अंगठा होता.

सांगायला हवं, हे त्याला तेव्हाच कळलं. पण सांगायचं कसं? कुठून शिकलास, हा पहिला प्रश्न येणार. रघुचे कपडे रस्त्यावर पडले होते तसे आपले पडणार. येत्या चेटीचंडला रुमाल बांधतो, असं उस्ताद स्वतःच्या तोंडानं म्हणाला होता. फाल्गुन लागला होता, महिना उरला होता. विठाला विचारलं तर ती भाकरी थापतच म्हणाली की महिनाभर तोंड शिवून ठेवा, रुमाल बांधला की काय ते सांगा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली. तिचं काही चुकलं असं नाही. चार वर्षं रतिबाच्या पैशांवर घर तीच चालवत होती.

खाणीवरची एक गाडी दुसऱ्यांदा परत आली. काळा धूर ओकत होती. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. उस्तादानं सकाळपासून झटून नोझल काढली होती, आता ती पाइपाला उलटी जोडून बोनेटबाहेर काढून ठेवली. ड्रायव्हरला सेल्फवर बसवलं. कोंडाजी शेजारी उभा. उस्तादानं उजवा अंगठा चिंधीला पुसला. सावकाश, नखाच्या कडेपर्यंत, जसा तो पेट्रोलच्या पंपाआधी पुसायचा. आणि म्हणाला, "कोंडा, चाय ले आ."

कोंडाजीनं किटली काढली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

त्या थांबण्यात काय काय होतं ते त्यानं पुढे कधी स्वतःपासून लपवलं नाही. भीती होती, ती खरी. रुमाल होता. पण तेवढंच असतं तर कदाचित तो बोलला असता, हात नका लावू इतकं तरी म्हणाला असता, काहीतरी निमित्त सुचलं असतं. त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, चार वर्षं किटलीबरोबर वाहिलेली. मला बाहेर काढतोस ना? मला दिसू नये म्हणून पाठ फिरवतोस ना? मग घे, लाव अंगठा. बघ, तुलाही काही शिकायचं राहिलंय.

तो रस्ता ओलांडून गेला. भगवंतानं किटली भरली. सेल्फचा घरघराट इकडे ऐकू आला, एकदा, दोनदा. मग थोडा वेळ काही नाही. मग बंपरवर दोन ठोके, नेहमीसारखे स्वच्छ.

परत आला तेव्हा उस्ताद अंगठा तोंडात धरून हसत होता. साली मधमाशी चावली, म्हणाला. अंगठ्याच्या गादीवर लाल टिंब होतं, तिळाएवढं. रक्तसुद्धा नव्हतं. तेव्हा तरी कोंडाजीला बोलता आलं असतं. आत्ता कल्याणला चला, डॉक्टरला सांगा की आत तेल गेलंय. त्यानं बशीत चहा ओतला आणि पुढे केला. तिळाएवढं टिंब पाहून त्याला वाटलं, कमळाकर वाढवून सांगतो.

संध्याकाळी अंगठा ठणकायला लागला. दुसऱ्या दिवशी तो पांढरा आणि फुगलेला होता. उस्तादाच्या बायकोनं, तिला सगळे अम्मा म्हणत, हळद आणि गरम तेल लावून शेक दिला. शेकानं आतलं डिझेल आणखी पसरलं. तिसऱ्या दिवशी तळवा काळा पडू लागला, तेव्हा कोंडाजीनंच त्याला गाडीत घालून कल्याणला नेलं. तिथून मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं की तेल आत शिरून किती दिवस झाले, आणि उत्तर ऐकून पुढे काही विचारलं नाही. मनगटाच्या वर चार बोटं ठेवून हात काढला.

चेटीचंड त्या वर्षी आला तसा गेला. भात शिजला नाही.

उस्ताद महिन्यानं गॅरेजात आला. उजवी बाही टाचणीनं वर टाचलेली. खाटेवर बसला आणि बराच वेळ पान्यांच्या पेटीकडे बघत राहिला. आता हा गॅरेज विकणार, असं ड्रायव्हर म्हणत होते. त्यानं कोंडाजीला जवळ बोलावलं आणि पेटीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. म्हणाला की आजपासून माझा उजवा हात तू. माझं डोकं आणि तुझा हात मिळून एक माणूस होईल.

आणि तो शिकवायला लागला. असं शिकवणं कोंडाजीनं स्वप्नातही मागितलं नसतं. टायमिंग कसं बांधायचं, व्हॉल्व्हमधली फट नुसत्या बोटाच्या अंदाजानं कशी ओळखायची, गाडी वीस हातांवर असताना आवाजावरून तिचं दुखणं कसं सांगायचं. चाळीस वर्षांचं एकेक काढून त्यानं समोर ठेवलं. डिझेलचंही दोघे मिळून चाचपडत शिकले. म्हणजे उस्ताद चाचपडायचा, आणि कोंडाजी आपणही चाचपडतोय असं दाखवायचा. नोझल मात्र उस्ताद उघडू देत नसे. ती आली की कल्याणला पाठवायची, असा त्यानं नियम केला होता. त्या जिनसेचं नाव काढलं तरी त्याची बाही हलायची.

किटली खिळ्यावर लटकत राहिली. मर्माच्या कामाला उस्ताद आता त्याला जवळ ओढून घ्यायचा. चहा अम्मा घरातून पाठवायची, दोन पेले, एक उस्तादाचा आणि एक त्याचा. उस्ताद डाव्या हातानं पिताना सांडायचा आणि हसून म्हणायचा की नशीब बघ, हात गेला तेव्हा मुलगा मिळाला. कोंडाजी मान खाली घालून आपला पेला संपवी. सांगून टाकावं असं त्याला आठवड्यातून तीनदा वाटायचं. रविवारी अंबरनाथला जाणं त्यानं बंद केलं होतं. कमळाकरनं विठाकडे दोन-तीनदा निरोप धाडला, मग तोही थांबला. विठा म्हणायची की आता सांगून त्यांचा हात परत येणार आहे का. पण रात्री जेवताना तो स्वतःचा अंगठा चोळत बसायचा, आणि ती ते बघायची.

वर्ष फिरलं. पुन्हा फाल्गुन संपत आला. परवा रुमाल, असं उस्तादानं सगळ्या रस्त्याला सांगून ठेवलं. अम्मानं तांदूळ निवडून ठेवले.

तेव्हा तीच खाणीची गाडी आली, तोच ड्रायव्हर, तोच काळा धूर. कोंडाजी कल्याणला निरोप द्यायला निघाला तर उस्ताद म्हणाला, थांब. आज इथंच उघड. परवा मिस्त्री व्हायचंय, मग या जिनसेला किती दिवस भिणार? ते तो कोंडाजीला म्हणत होता की स्वतःला, कोण जाणे. दोन ड्रायव्हर आणखी थांबले होते, तेही बघायला पुढे आले. परीक्षा म्हणा हवं तर. उस्ताद खाटेवरून उठून बोनेटपाशी आला आणि डावा हात पाठीशी घट्ट दाबून उभा राहिला, जसा काही तो हातही कुणी मागून नेईल.

कोंडाजीनं नोझल काढली, पुसली, पाइपाला जोडून तोंड बाहेर काढलं. कोनाड्यातल्या वहीचा एक कोरा कागद फाडला. ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं आणि कागद लांब धरला, बरोबर दीड हातावर. फस्स करून धुकं उडालं. त्यानं कागद उजेडाकडे केला. हातांना काय माहीत की त्यांनी काय लपवायचंय? ते आपलं काम करत होते. त्यानं कागद फिरवला, डाग मोजले, एका डागावर नख ठेवलं.

"चार भोकं हायेत, तिसरं बुजलंय," तो म्हणाला. "आन् खाली ओघळ नाय. म्हंजे सुई चांगली हाय."

ड्रायव्हर वा म्हणाले. उस्तादानं डाव्या हातानं कागद घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तेव्हा कागदाचं त्याला नवल वाटलं नसावं. त्याला दुसरंच काही दिसत होतं.

"ये पढ़ना तेरे को मैंने नहीं सिखाया," तो हळू आवाजात म्हणाला. "मेरे को खुद नहीं आता. किसने सिखाया?"

अंबरनाथला एक फिटर आहे, असं कोंडाजीनं सांगितलं. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिची चाकं ऐकू येत राहिली. ड्रायव्हर एकमेकांकडे बघू लागले, त्यांना रघु आठवला असेल. पण उस्तादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आशाळभूतपणे कोंडाजीकडे बघत होता, आणि त्यानं रिकाम्या बाहीला हात लावला.

"बाद में सीखा होगा," तो म्हणाला. "इसके बाद. है ना?"

एवढा सोपा प्रश्न कोंडाजीला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उत्तर उस्तादानंच हातात आणून दिलं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं. दोन दिवसांवर रुमाल होता. आत अम्मानं निवडलेले तांदूळ होते. अंबरनाथला तारीख विचारायला कुणी जाणार नव्हतं. कोंडाजीनं हो म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याला वर्षभर दोन पेल्यांतल्या एकातून प्यालेला चहा आठवला.

"पहले," तो म्हणाला. "दिवाळीपासून. मला म्हायती व्हतं, उस्ताद."

उस्ताद शिवी देईल, कपडे रस्त्यावर ठेवील, पाना फेकून मारील, असं कोंडाजीला वाटलं. त्यातलं काहीही झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. उस्तादानं कागदाची घडी घातली, एका हातानं, मांडीवर दाबून, आणि खिशात ठेवली. मग त्यानं कोंडाजीच्या हातातला पाना काढून घेतला, बोनेटमध्ये डोकं घातलं, आणि आतूनच म्हणाला, "कोंडा, चाय ले आ."

किटलीवर वर्षाची काजळी होती. कोंडाजीनं ती खिळ्यावरून काढली आणि रस्ता ओलांडला.

भगवंत म्हणाला की आज बऱ्याच दिवसांनी किटली आली. कोंडाजीनं मान हलवली. भगवंतानं ती राखेनं घासली, चहा भरून दिला, आणि कोंडाजी नेहमीच्या जागी खांबाला टेकून उभा राहिला. तिथून बोनेट दिसायचं, उस्तादाची पाठ दिसायची. तो नोझल डाव्या हातानं धुऊन परत बसवू पाहत होता. ड्रायव्हर मदतीला पुढे झाले तर त्यांना त्यानं बाजूला सारलं. नोझल धरली तर पाना धरायला हात नाही, पाना धरला तर नोझल निसटते. त्यानं ती हनुवटीनं दाबून पाहिली, तुटक्या हाताच्या टोकानं दाबून पाहिली. पाना खाली पडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे आला. तो वाकला, उचलला. पुन्हा पडला. कोंडाजीला तिसऱ्या वेळेला राहवलं नाही, तो दोन पावलं रस्त्यात गेला, आणि उस्तादानं मान वळवून नुसतं पाहिलं. तो परत खांबापाशी आला.

चहा गार झाला. भगवंतानं तो पुन्हा गरम केला, पुन्हा गार झाला. भगवंत विचारत होता की झालं काय, त्याला कोंडाजीनं सांगितलं की मर्माचं काम चालू आहे. उन्हं उतरली तेव्हा कुठे गाडीला सेल्फ लागला, तिनं धूर ओकला, काळाच, आणि ती तशीच बदलापूरकडे निघून गेली. ड्रायव्हरनं जाताना कोंडाजीकडे पाहिलं नाही. उस्तादानं पाना पुसला, पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग गाडीचा बंपर जिथं होता त्या रिकाम्या जागेत तो थोडा वेळ उभा राहिला, आणि आत गेला.

कोंडाजी ठोक्यांची वाट बघत राहिला. भगवंतानं फळ्या लावल्या तेव्हाही तो किटली घेऊन तिथंच होता.